आलापल्लीचा केक

४ फेब्रुवारी

वाढदिवस. कोणाला सांगितलं नव्हतं, पण आशाताईंना कुठून तरी कळलंच. लसीकरण आटोपलं, बंगाली निर्वासितांच्या कॅम्पवरच्या बाया लेकरं घेऊन गेल्या, तेव्हा ताईंनी पिशवीतून केकचं पाकीट काढलं. किराणा दुकानात टांगलेलं असतं तसलं. लांबट पिवळा केक, वर चकचकीत कागद, आत लाल-हिरवी टुटीफ्रुटी. आमच्या मुलचेऱ्याच्या उपकेंद्रात सुरी कुठून असणार, नव्या कात्रीनं कापला.

"खा ना मॅडम, तुमच्यासाठीच आणला."

खाल्ला. चव तीच. फक्त डिझेलचा वास नाही. लहानपणी वाटायचं, केकला तसाच वास असतो.

दोन तुकडे उरले. ताईंच्या नातीला दिले. क्वार्टरवर आले आणि उगाच चिडचिड. भांडी आपटली.

५ फेब्रुवारी

काल लिहायचं टाळलं ते आज लिहिते.

बाबाची काळीपिवळी जीप होती. आलापल्ली ते सिरोंचा सवारी मारायचा. आमचं गाव लांब, पोंभुर्ण्याच्या इकडं, म्हणून महिन्यातून एखाद्या वेळी यायचा. "रस्ता लय खराब हाय, रोज येनं जमत नाई." हे आम्हाला पाठ होतं.

जीप मोहाच्या झाडाखाली थांबायची. मी पळत जायची. धनराज, माझा भाऊ, तेव्हा मायच्या कडेवर. बाबा पुढचा खण उघडायचा आणि केक काढायचा. इंजिनच्या गर्मीनं मऊ झालेला. खालचा कागद चिकटलेला असायचा, तो आम्ही चाटून पारदर्शक करायचो. वरचा चकचकीत कागद मी इतिहासाच्या पुस्तकात ठेवायची. गावात दुसऱ्या कोणाच्या घरी दुकानातला केक येत नव्हता. मी अंगणात, सगळ्यांना दिसेल असं बसून खायची. "माझे बाबा चांद्याहून आनते." चांदा म्हणजे चंद्रपूर. त्याहून मोठं शहर मला माहीत नव्हतं.

माय कधी खात नसे. "मले गोड चालत नाई." दुसऱ्या दिवशी सकाळी तीच माय कोऱ्या चहासोबत गुळाचा खडा चघळायची. हे मी रोज बघत होते आणि तरी खरं मानत होते.

सातवीत होते तेव्हा तो यायचा बंद झाला. कोणी मेलं नाही, भांडण झालं नाही. बंदच झाला. मग पाणी भरताना एका बाईनं सांगितलं, तुझ्या बापानं सिरोंच्यात बाई ठेवली, पोरगी बी हाय त्याले. गावाला आधीपासून ठाऊक होतं. मायला पण.

घरी आले, पुस्तकातले सगळे कागद चुलीत टाकले. प्लास्टिकचा वास दिवसभर घरात. मायनं त्याच चुलीवर भात टाकला.

९ फेब्रुवारी

दुपारी अनोळखी नंबर. पेशंट असेल म्हणून घेतला.

"सुमन अक्का बोल रहे क्या?" बाईचा आवाज. हिंदी, पण तेलुगूच्या चालीवर. "मी लक्ष्मी. सिरोंच्याहून."

मला कळेना कोण लक्ष्मी. मग म्हणाली, "नान्ना को लकवा मारा. दो साल हुआ. अम्मा भी नहीं रही."

नान्ना म्हणजे बाप. तिचा. माझाही.

माझा नंबर तिनं दवाखान्यातून मिळवला म्हणे. तिचं म्हणणं असं. तिचं लग्न ठरलंय, मुलगा नदीपलीकडे, मंचेरियालचा. सासरचे लोक म्हातारा सोबत चालणार नाही म्हणतात. उन्हाळ्यात लग्न. त्याला कोण बघणार?

मी म्हटलं, "हे मला काऊन सांगतेस?"

ती म्हणाली, "किसको बताऊँ अक्का?"

ठेवून दिला फोन. अक्का म्हणे. मोठी बहीण. कोणी केलं हिला माझी बहीण?

१० फेब्रुवारी

धनराजला सांगितलं. सांगायला नको होतं.

"आनू ना ताई त्याले. बाप हाय आपला."

"तुला आठवते तरी काय त्याचं?"

"केक आने ना तो आपल्यासाठी."

एवढंच. तो पाच वर्षांचा होता तेव्हा बाबा यायचा थांबला. तोंड आठवत नाही, आवाज आठवत नाही, केक आठवतो. तेवढ्यावर त्यानं अख्खा बाप उभा केलाय. ट्रॅक्टर चालवतो, स्वतःची दोन लेकरं आहेत, आणि फोनवर रडत होता.

माझ्या वाट्याला मात्र बाकीचं सगळं आलं. शाळेत नाव पुकारलं की बापाच्या नावाशी मागच्या बाकावरून येणारं हसू. तेंदूपत्ता तोडायच्या दिवसांत मायच्या हातापायांना पडलेल्या चिरा. मला बघायला आलेले पाहुणे आणि त्यांनी हळूच विचारलेलं "मुलीचे वडील कुठी असते?" दोनदा झालं. तिसऱ्यांदा मीच नको म्हटलं. त्याचं काही वाईट वाटत नाही. नाही म्हणजे, रोज नाही वाटत.

१६ फेब्रुवारी, रविवार

गावी. धनराजनं मायला आधीच सांगून टाकलेलं. माय अंगणात बसून तुरीच्या शेंगा झोडपत होती. मी म्हटलं, माय, तू नाही म्हण. तू नाही म्हटलं की विषय संपला.

ती झोडपतच राहिली. मग विचारलं, "पोरगी कवढी हाय?"

"कोण?"

"तिची. सिरोंच्याची."

"असेल तीसच्या आतबाहेर."

"तिचं लग्न मोडते मंग."

मला राग आला. म्हटलं, मोडू दे. माझी दोन मोडली तेव्हा कोण आलं होतं?

माय वर बघून म्हणाली, "त्या पोरीनं मोडली का तुही?"

वैशाली, धनराजची बायको, चहा घेऊन आली आणि तशीच परत आत गेली. संध्याकाळच्या गाडीनं परत.

२२ फेब्रुवारी

उद्या सिरोंच्याला जाते. आणायला नाही. बघायला. नर्स म्हणून. काय अवस्था आहे, कुठं ठेवता येईल, सरकारी काही सोय आहे का. असं स्वतःला सांगते आहे.

२४ फेब्रुवारी

काल लिहायची ताकद नव्हती.

मुलचेऱ्याहून आलापल्ली, तिथून दुसरी गाडी. रस्ता खरंच खराब. एवढं एक तो खरं बोलला होता. सिरोंच्यात बसस्टँडवर लक्ष्मी घ्यायला आली. लांबूनच ओळखू आली. तिचं कपाळ माझं आहे. धनराजसारखी चालते, पाय जरा बाहेर टाकून. कोणी सांगायची गरज नाही.

घर लहान, स्वच्छ. तो खाटेवर. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. मी पाठ बघितली, टाचा बघितल्या. दोन वर्षं खाटेवर असलेल्या माणसाला कुठं तरी जखम असतेच. नव्हती. एकही नाही. नखं कापलेली, दाढी केलेली, अंगाला पावडर. माझ्या हाताखाली एवढा नीट ठेवलेला पेशंट मी पाहिला नाही. आणि मला काय वाटलं? बरं वाटायला हवं होतं. जळले मी. एवढं करावं असा बाप त्यानं हिला दिला होता.

त्यानं माझ्याकडं बघितलं. ओळखलं नाही. नर्स आली असंच वाटलं असेल.

जेवताना लक्ष्मी माझ्या ताटात भात वाढत होती. म्हणून गेले, "तुला बापाचं प्रेम तरी मिळालं. आम्हाला नुसता केक मिळाला."

तिचा हात थांबला. "कौनसा केक?"

"पाकिटातला. चांद्याहून आणायचा."

ती हसली, पण हसण्यासारखं तोंड नव्हतं तिचं. तिनं सांगितलं ते असं, तिच्या अर्ध्या हिंदी अर्ध्या मराठीत:

"चांदा नहीं अक्का. आलापल्ली. बसस्टँड के सामने का दुकान. मले माहीत हाय, मी संग गेली होती एक बार. आमच्या घरी बी तोच केक. तुमच्याकडून आला का आनायचा. तिकडं जातानी एक घेते, वापस येतानी एक घेते."

तिच्या घरी केक आला की अम्मा रडायची. केक आला म्हणजे तो तुमच्याकडं जाऊन आला. अम्मा पाकीट फोडून अख्खा केक कोंबड्यांना टाकायची. लक्ष्मीनं एकदा कोंबड्यांमधून उचलून तुकडा खाल्ला तर मार खाल्ला. "मला वाटायचं," ती म्हणाली, "केक म्हंजे तुमचं घर. तुमच्या घरी रोज केक असंल. तुम्ही लोक केकच खात असंल."

मी ताट बाजूला सारलं.

आम्ही त्या केकसाठी महिना महिना वाट बघायचो, आणि इकडं तोच केक कोंबड्या खायच्या.

तो यायचा का बंद झाला, तेही तिनं सांगितलं. अम्मानं एक दिवस लक्ष्मीला त्याच्या मांडीवर बसवलं, डोक्यावर त्याचा हात ठेवला आणि वदवून घेतलं की पुन्हा तिकडं जाणार नाही. तो वदला. एवढं सोपं होतं.

निघताना ती म्हणाली, "अक्का, मी बहुत थक गई." मी गाडीत चढले. गाडी आलापल्लीत थांबली. समोर दुकान होतं, केकची माळ लोंबत होती. तेच दुकान की दुसरं, उतरून विचारलं नाही.

२ मार्च, रविवार

गावी. सगळं सांगितलं. केकचंही. धनराज ऐकून उठून गेला, बैलाला पाणी पाजायला. परत येऊन म्हणतो, "दोघांकडं आने म्हंजे दोघांवर जीव होता त्याचा."

मी म्हटलं, "जीव नव्हता. तोंड बंद करायचा खाऊ होता तो. आपलं पण आणि तिचं पण."

"तू लय शिकली ताई, म्हून असं दिसते तुले."

भांडलो. खूप वर्षांनी एवढं भांडलो. माय मध्येच म्हणाली, "घेऊन या त्याले."

मी तिच्याकडं वळले.

"माय, तुला कळते का काय म्हणून राह्यली तू?"

"घर त्याच्याच नावावर हाय. त्या पोरीनं दोन वरसं केलं. आता तिनं काऊन करावं? घेऊन या."

धनराजचे डोळे भरले. त्याला वाटलं, मायनं माफ केलं. मला पण क्षणभर तसंच वाटलं.

१० मार्च

धनराज गाडी करून गेला, घेऊन आला. मी सुट्टी टाकून गावी थांबले होते, खाट आणि बाकी तयारी करायला. लक्ष्मी आलापल्लीपर्यंत सोबत आली म्हणे, पुढं आली नाही.

त्याला उतरवला, आतल्या खोलीत झोपवला. मी कूस बदलून दाखवत होते वैशालीला. बाहेर आले तर माय अंगणात, हातात पिशवी. नवं लुगडं नेसलेली. दाराशी थांबून तिनं आत बघितलं पण नाही.

"कुठी चालली माय?"

"गोंडपिपरीकडं. तुझ्या मावशीच्या गावी. मोहफूल येचाले."

"मोह इथं नाई का?"

"इथी नाई येचत आता."

धनराज आडवा झाला. "माय, तूच म्हटलं ना घेऊन या म्हणून?"

"त्याले घेऊन या म्हटलं. मी राहीन असं कोण म्हटलं?"

आवाज चढवला नाही, रडली नाही. देवठाण्याजवळ थांबून हात जोडले, जसं शेतात जाताना जोडते तसं, आणि डांबरी रस्त्याकडं वळली. पासष्टीच्या आसपासची बाई, जन्मभर त्या एका घराला शेणामातीनं लिंपत आली, ते असं पिशवी उचलून सोडलं. मी मागं पळत गेले. म्हणाली, "तू तुझी ड्युटी पाय." गाडीत बसली.

२० मार्च

मुलचेरा. तापाचे पेशंट वाढलेत. मावशीकडं फोन केला. माय रानात गेलीय म्हणाली. काल पण रानातच होती. मोह दुपारपर्यंत वेचून होतो, मी संध्याकाळी फोन केला होता.

वैशालीचा फोन रोज. काय खायला द्यायचं, किती पाणी, चादर कशी काढायची. गरीब पोरगी. तिचा काय संबंध? तिला तर त्याच्याकडून कधी काही मिळालंही नाही.

तिला स्पष्ट सांगितलंय. कोरडं काही द्यायचं नाही. पातळ, मऊ, बसवून. घशात अडकतं.

३० मार्च, रविवार

वैशाली फोनवर रडत होती. तिच्याकडून कळलं ते असं.

धनराज काल पोंभुर्ण्याहून केक घेऊन आला. तसाच, पाकिटातला. लेकरांना खोलीत बोलावलं. "हे पाहा, तुमचा आजोबा आमच्यासाठी हेच आने." स्वतःच्या हातानं तुकडा मोडून त्याच्या तोंडात घातला. ती नको म्हणत होती, ताईनं कोरडं देऊ नका म्हटलं. "केक मऊ असते," हा म्हणाला.

ठसका लागला. निळा पडला. वैशालीनंच मी दाखवलं तसं पुढं वाकवून पाठीवर थापा मारल्या. तुकडा बाहेर आला. श्वास आला तसा म्हाताऱ्यानं डावा हात वर केला, धनराजचा शर्ट धरला आणि बोलला. आल्यापासून पहिला शब्द.

"लच्चू."

लक्ष्मी. पुन्हा पुन्हा तेच. लच्चू, लच्चू. दाराकडं बघत.

धनराज उठला, लेकरांना बाहेर काढलं. उरलेला केक तिथंच राहिला, मुंग्या लागल्या. कालपासून त्या खोलीत गेलेला नाही. आज वैशालीला म्हणाला, "परत सोडून येतो त्याले. सिरोंच्याले. ज्या पोरीचं नाव घेते, तिलेच पाहू दे."

मला वाटलं होतं, धनराजचा भ्रम फुटला की मला समाधान होईल. मी बरोबर होते ना. मग ते कुठं आहे?

३१ मार्च

लक्ष्मीला फोन केला. पहिल्यांदाच मी केला. लग्न पुढच्या आठवड्यात. तिला ठसक्याचं सांगितलं नाही. तो तुझं नाव घेतो एवढं सांगितलं.

ती म्हणाली, "नहीं बताना था अक्का."

खरंच सांगायला नको होतं. तिला हवं असेल म्हणून सांगितलं की तिच्या लग्नात खडा पडावा म्हणून, मला स्वतःलाच नक्की माहीत नाही.

५ एप्रिल

गावी गेले ते भांडायला. धनराज घरी नव्हता. ट्रॅक्टर घेऊन कुठं तरी. घरात वैशाली, दोन लेकरं आणि तो. पाठीवर लाल चट्टा उठलेला, दोन बोटं रुंद. सिरोंच्यात दोन वर्षांत जे झालं नाही ते आमच्याकडं महिन्याच्या आत.

वैशाली म्हणाली, "ताई, मी करतो ना जी. पन मी एकटी किती करू?"

मी गाडी सांगितली. बाजूच्या पोरांनी उचलून ठेवायला मदत केली. गावचे लोक अंगणात जमले होते. पूर्वी मी केक खाताना जिथं बसायची त्याच बाजूला उभे होते सगळे. एक म्हातारी म्हणाली, "शेवटी पोरीलेच माया असते." तिला काय सांगू? माया नाही काकू, पाठ सडून राह्यली त्याची.

क्वार्टरवर आणला. माझी खाट त्याला दिली. मी खाली.

७ एप्रिल

चट्ट्यावर मलम. दर थोड्या वेळानं कूस. मी कामावर गेले की त्याच्याजवळ आशाताईंची सून बसते. आशाताई विचारतात, "वडील आहेत का?" हो म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणाला हो म्हटलं.

मला लच्चूच म्हणतो. मी दुरुस्त करत नाही. करून काय? पेज भरवते, पुसते. त्याचा डावा हात माझ्या मनगटावर येतो, मी काढून बाजूला ठेवते. पुन्हा येतो.

आज लक्ष्मीचं लग्न असेल. नक्की दिवस तिनं सांगितला नाही, मी विचारला नाही.

एक मनात येतं. त्याची वाचा असती तर मी विचारलं असतं, दुकानात उभा राहून केक घेताना तुला कधी शरम वाटली का? आता तो लच्चू म्हणेल.

१३ एप्रिल, रविवार

मावशीच्या फोनवरून मायचा फोन. तिनं स्वतः लावून घेतला, आपणहून. मी पेजेची वाटी हातात घेऊन होते.

इकडचं तिकडचं. मोह यंदा कमी गळला. मावशीचे गुडघे. मग म्हणाली,

"धनराज म्हणे, गावी नाई तो."

"नाई."

"कुठी हाय?"

"इथं. माझ्याकडं."

पलीकडं कोंबड्यांचा, कोणाच्या तरी रेडिओचा आवाज.

"जेवते का?"

"जेवते."

"कोणाच्या हातानं?"

मी म्हटलं, "माझ्या."

मग मीच घाईनं सांगितलं, माय, पाठीला जखम झाली होती गं, म्हणून आणलं. चट्टा गेला की काही तरी सोय करते. तू इकडं ये म्हणत नाही मी. ऐकतेस ना?

"तू बी गेली मंग त्याच्याकडं," ती म्हणाली.

राग नव्हता आवाजात. असता तर भांडता आलं असतं. मी माय, माय म्हणत राहिले. तिनं फोन ठेवला नाही आणि बोललीही नाही. रेडिओ ऐकू येत होता. मीही ठेवला नाही. शेवटी मावशीच्या फोनची बॅटरी संपली की तिनं बंद केला, कळलं नाही.

परत लावला. लागत नाही. उद्या सकाळी लावीन. नाही लागला तर गोंडपिपरीची गाडी बघते. पण याला कोणाजवळ ठेवून जाऊ?